योजनेची उलटतपासणी



ही व्याख्यानमाला ज्या मतदारसंघात भरते, त्याला सभागृहाचे कामकाज नवे नाही. १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेलेल्या मृणाल गोरे यांची सारी कारकीर्द नळाचे पाणी, रेशन आणि महागाई हे विषय मोर्चातून उचलून सभागृहाच्या कामकाजपत्रिकेवर नेण्यात गेली. १९८९ पासून येथून सलग पाच वेळा निवडून गेलेले राम नाईक १९९५-९६ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष होते. मंजूर करून घेतलेला रुपया नेमका कुठे गेला, हे सचिवांना समोर बसवून विचारणारी ती समिती. तेव्हा याच मतदारसंघातल्या गोराईत उभे राहून संसदीय तपासणीचे महत्त्व सांगत बसायची गरज नाही. मला बोलायचे आहे ते अशा एका खर्चाबद्दल, ज्याच्यापर्यंत ही तपासणी पोचली तरी तिचा हात आखूड पडतो. दिव्यांग माणसाला आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला सरकारकडून मिळणारा, किंवा मिळायला हवा तो, पैसा.

माझे म्हणणे असे आहे. आपल्याकडे लाभार्थ्याची तपासणी अखंड चालते आणि योजनेची तपासणी जवळजवळ होत नाही. दिव्यांगाने स्वतःला वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा सिद्ध करायचे. दर किती, तो का, तो कधी बदलणार, कायद्यात लिहिलेले का पाळले नाही, याचा जाब मात्र कोणी कोणाला द्यायचा नाही. ही दिशा उलटी करणे हे संसदेचे आणि विधिमंडळाचे काम आहे. ते होत नाही याचे कारण लोकप्रतिनिधींची अनास्था हे एकच नसून, या पैशाची मांडणीच अशी झाली आहे की तपासणीला धरायला जागा सापडू नये.

आधी लाभार्थ्याचे टोक पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली, अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. गावोगाव तिला ‘निराधारचा पगार’ म्हणतात. खाडीपलीकडच्या गोराई गावातल्या एखाद्या दिव्यांग व्यक्तीला हा पगार सुरू करून घ्यायचा असेल, तर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, त्यासाठी नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी, मग यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, रेशनकार्ड, आधारशी जोडलेले बँक खाते आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असल्याचा दाखला. अर्ज तहसील कार्यालयात जातो, तिथून तालुका समितीपुढे. मंजूर झाला की दरवर्षी हयातीचा दाखला. गाव महापालिकेच्या हद्दीत, तालुका बोरिवली, पण मध्ये खाडी आहे. चाकाची खुर्ची असेल तर ओहोटीच्या वेळी धक्क्यावरून होडीत उतरायला खुर्ची उचलणारी दोन माणसे हवीत. नाहीतर उत्तन-भाईंदरवरून मोठा वळसा. एका कागदावर सही राहिली की फेरी पुन्हा, आणि सोबत येणाऱ्याचा रोज पुन्हा बुडतो.

या यादीतल्या उत्पन्नाच्या अटीकडे जरा थांबून पाहा. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. मुंबईत किमान वेतनावर राबणारे घरातले एकच माणूस चार-पाच महिन्यांत ही रेषा ओलांडते. म्हणजे या शहरात अट शब्दशः पाळायची तर ज्या घरात कोणी नोकरीलाच नाही, असेच घर पात्र. बाकीच्यांनी एकतर अर्ज करू नये, नाहीतर दाखला ‘बसवून’ घ्यावा. आणि मग दाखले बसवले जातात म्हणून पडताळणी आणखी कडक करायची. नियम करणाऱ्याने एकदाही सभागृहात उभे राहून हा आकडा मुंबईला कसा लागू होतो ते समजावून सांगितले नाही, तरी त्याला कोणी हयातीचा दाखला मागत नाही.

आता पैशाचे दुसरे टोक. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्यात २००९ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेची भर पडली. सुरुवातीला महिना २०० रुपये, २०१२ पासून ३००. ऐंशी वर्षांखालच्यांसाठी तो आकडा त्यानंतर हललेला नाही. योगायोग असा की देशाच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या एका मालिकेचे आधारवर्षही २०१२ हेच, १०० धरलेले. २०२५ मध्ये तो निर्देशांक १९० च्या वर गेला होता. म्हणजे ३०० रुपयांची किंमत सरकारच्याच मोजपट्टीने निम्म्यावर आली आणि ती कमी करण्यासाठी कोणाला काही करावे लागले नाही. शिवाय पात्रता दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब आणि ८० टक्के दिव्यांगत्व अशी दुहेरी आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा लक्षणीय दिव्यांगत्वाची रेषा ४० टक्क्यांवर आखतो, पण केंद्राचे निवृत्तिवेतन अजून दुप्पट उंचीच्या उंबरठ्यापलीकडेच बसले आहे.

अर्थसंकल्पाची कागदपत्रे उघडा. या संपूर्ण सामाजिक साहाय्य कार्यक्रमाची तरतूद २०२२-२३ मध्ये ९,६५२ कोटी, २०२३-२४ मध्ये ९,६३६ कोटी, २०२४-२५ आणि २०२५-२६ मध्ये पुन्हा ९,६५२ कोटी. त्यात दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा २९० कोटी. माणशी वर्षाला ३,६०० रुपये धरून भागाकार केला तर सुमारे आठ लाख माणसे. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांची नोंद २ कोटी ६८ लाख होती. सगळेच काही गरीब नाहीत, सगळेच ८० टक्क्यांचे नाहीत, हे मान्य. पण गरज मोजून तरतूद ठरत असती तर चार वर्षे जवळजवळ तोच आकडा येण्याची शक्यता किती? इथे आधी रक्कम ठरते आणि मग तिच्यात मावतील एवढी माणसे मोजली जातात.

संसदेने हे पाहिले नाही का? पाहिले, आणि म्हणूनच हे उदाहरण बोधक आहे. १९९३ पासून संसदेत खात्यांशी संलग्न स्थायी समित्या आहेत. सामाजिक साहाय्य कार्यक्रम ग्रामविकास समितीकडे येतो. सतराव्या लोकसभेत तिचे अध्यक्ष आधी बुलढाण्याचे प्रतापराव जाधव होते, नंतर द्रमुकच्या कनिमोळी. एक शिवसेनेचे, एक द्रमुकच्या. भाषा वेगळी, राजकारण वेगळे. तरी दोघांच्या काळातल्या अहवालांचा सूर एकच: ही रक्कम अत्यल्प आहे, ती वाढवा. सरकारचे म्हणणे असे की २०२१ ते २०२६ या काळासाठी योजना आहे त्या स्वरूपात चालू ठेवण्यास मंजुरी मिळालेली आहे. पुढच्या वर्षी समिती पुन्हा तेच म्हणते. सर्वपक्षीय, अचूक आणि निष्फळ.

निष्फळ का, तर तीन कारणे दिसतात. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. २००४ पासून लोकसभा अध्यक्षांचा एक निर्देश आहे की शिफारशींचे काय झाले याचे निवेदन मंत्र्याने सहा महिन्यांतून एकदा सभागृहात करावे. ही निवेदने बहुधा पटलावर ठेवली जातात आणि तिथेच राहतात. दुसरे, बहुतेक खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मतास टाकल्या जातात, त्यामुळे समितीने खोदून काढलेले सभागृहात बोलायची वेळच येत नाही. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दिव्यांगांचा कायदा आणि विभाग सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, निवृत्तिवेतन मात्र ग्रामविकास मंत्रालयाकडे. (मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या माणसाला दिव्यांग म्हणून मिळणारे केंद्राचे ३०० रुपये ग्रामविकास खात्यातून येतात, हे गोराईत तरी विनोदी वाटू नये, पण इमारतींच्या बोरिवलीत त्याचे नवल वाटायला हरकत नाही.) मग सामाजिक न्याय समिती कायदा तपासते, पण पैसा तिच्या कक्षेत नाही. ग्रामविकास समिती पैसा तपासते, पण तिच्यापुढे दिव्यांग हा रस्ते, घरकुल आणि रोजगार हमीच्या गर्दीतला एक पोटशीर्ष असतो. राज्यातही तेच. निराधारचे पैसे सामाजिक न्याय विभागाचे, वाटप महसूलच्या तहसीलदाराकडून, प्रमाणपत्र रुग्णालयाकडून, आणि २०२२ च्या डिसेंबरात जाहीर झालेला दिव्यांग कल्याण विभाग या साऱ्यांहून निराळा. जबाबदारी चौघांत वाटली गेली की उत्तर कोणालाच द्यावे लागत नाही.

महालेखापरीक्षकांनी केंद्राच्या या सामाजिक साहाय्य कार्यक्रमाचे २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांचे परीक्षण केले. अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आला. त्यात आढळले की निवृत्तिवेतनाची माहिती गोरगरिबांपर्यंत पोचवण्यासाठी असलेल्या पैशातले २ कोटी ८३ लाख रुपये मंत्रालयाने दुसऱ्याच योजनांच्या फलकबाजीकडे वळवले. रक्कम सरकारी हिशेबात किरकोळ आहे. पण हीच गफलत लाभार्थ्याने केली असती तर वसुलीची नोटीस घरी आली असती.

आता राज्याकडे वळतो, कारण इथे कायद्याचा प्रश्न अधिक उघड आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ सामाजिक सुरक्षेचे आहे. त्याच्या परंतुकात स्पष्ट लिहिले आहे की दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असले पाहिजे. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. जुलै २०२३ मध्ये राज्याने संजय गांधी योजनेचे अनुदान १,००० वरून १,५०० रुपये केले: विधवेला १,५००, परित्यक्तेला १,५००, दिव्यांगालाही १,५००. एकाच योजनेत, एकाच शासन निर्णयाने. ‘तशीच योजना’ म्हणजे कोणती यावर वकिलांनी वाद घालायला इथे जागाच नाही, कारण योजना एकच आहे. कायद्याप्रमाणे दिव्यांगाचा आकडा १,८७५ च्या खाली येऊ शकत नव्हता. वर्षभरात लाडकी बहीण योजना आली आणि अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या धडधाकट बाईला १,५०० रुपये मिळू लागले. संजय गांधीचे १,५०० घेणारी दिव्यांग बाई मात्र दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ घेते म्हणून त्यातून बाद. चाळीस टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्य यांची एकत्रित किंमत शून्य, असा त्याचा अर्थ होत होता.

हे दुरुस्त झाले, आणि त्याचे श्रेय सरकारला दिले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संजय गांधी आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ या दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांचे अनुदान २,५०० रुपये केले, ऑक्टोबरपासून. पहिल्या योजनेत ४ लाख ५० हजार ७००, दुसरीत २४ हजार ३ दिव्यांग लाभार्थी. वाढीव खर्च वर्षाला ५७० कोटी. पण झाले कसे? त्याआधी जूनमध्ये माजी आमदार बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला होता. कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना दरमहा ६,००० रुपये ही त्यांची मागणी होती. उपोषण, आश्वासन, मंत्रिमंडळ, शासन निर्णय. या साखळीत विधिमंडळ कुठे आहे? शासन निर्णयाने ठरलेला दर सभागृहापुढे येतो तो पैशाच्या मागणीच्या रूपात. दर योग्य आहे का हा प्रश्न तेव्हा मतास टाकलेला नसतो. एखाद्या जागरूक आमदाराने तारांकित प्रश्न टाकला तर त्याचा साचा आपल्या परिचयाचा आहे. ‘हे खरे आहे काय’ असे विचारायचे, ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर घ्यायचे, आणि शेवटच्या पोटप्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. जे साहाय्य उपोषणाने वाढते ते वाढण्यासाठी दर वेळी कोणी तरी उपाशी बसावे लागते.

काळजी घेणाऱ्याचे काय? कायद्याने त्याला ओळखले आहे. पगार घेऊन असो वा न घेता, दिव्यांगाची काळजी घेणारे आईवडील आणि कुटुंबीय यांची व्याख्या कलम २ मध्ये आहे, आणि कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी, काळजीवाहक भत्त्याचे नाव घेऊन उल्लेख आहे. संजय गांधी योजनेच्या निकषांत मात्र या माणसाचा रकाना नाही. केरळने २०१० मध्ये आश्वासकिरणम् नावाची योजना काढून अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्याला मासिक मदत देऊ केली. रक्कम फार नव्हे, पण तो माणूस अस्तित्वात आहे हे सरकारी कागदावर आले. आपल्याकडे प्रौढ मतिमंद मुलाची आई लाडकी बहीण म्हणून १,५०० रुपये मिळवू शकते, काळजीवाहक म्हणून नाही. आणि लाडकी बहीण होण्याचे वय ६५ ला संपते. तिच्या मुलाला उचलणे, आंघोळ घालणे, औषध देणे त्या वाढदिवसाला संपत नाही. उलट त्या वयापासून ते तिला जड जायला लागते.

केंद्र सरकार काळजीवाहकाला काहीच देत नाही असेही नाही, आणि इथे गंमत आहे. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-डीडीनुसार दिव्यांग आश्रिताचा सांभाळ करणाऱ्याला ७५ हजारांची, दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असेल तर सव्वा लाखाची वजावट जुन्या करपद्धतीत मिळत आली. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे यात उपकरासह वर्षाला ३९ हजार वाचतात, म्हणजे महिन्याला ३,२५० रुपये. त्याला उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही, तालुका समिती नाही, तहसीलची खेप नाही. प्रमाणपत्र जोडले की झाले. माझा या सवलतीला विरोध नाही, ती रास्तच आहे. पण ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या सांभाळासाठी सुस्थितीतल्या बापाला केंद्राकडून ३,२५० आणि दारिद्र्यरेषेखालच्या घराला ३००, हे दोन आकडे संसदेत कधी शेजारी शेजारी मांडले जात नाहीत. एक वित्त विधेयकात जातो, दुसरा ग्रामविकासाच्या मागण्यांत.

यावर आक्षेप येतात, आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला नेहमीचा: आईवडिलांनी मुलाचे करायचे नाही तर कोणी, आणि त्याचे पैसे कसले मागायचे? ब्रिटनमध्ये १९७६ साली काळजीवाहकांसाठी भत्ता सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते, कारण त्या तशाही घरीच असणार हे गृहीत. हे गृहीतक युरोपीय न्यायालयाच्या निकालाने १९८६ मध्ये मोडले. आपल्याकडे ते कोणी लिहून ठेवलेले नाही, म्हणून मोडताही येत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय कालविनियोग सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याचे काम करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के, स्त्रिया दिवसाला सुमारे १४० मिनिटे, पुरुष ७४. यातले बरेचसे बालसंगोपन आहे, पण कल कुणीकडे आहे ते दिसते. भत्ता म्हणजे मायेची मजुरी नव्हे. ज्या हातांना बाहेर काम करता येत नाही त्यांच्या बुडालेल्या कमाईची ती अंशतः भरपाई आहे, आणि ती नाकारणे म्हणजे तो खर्च त्या घरातल्या बाईच्या नावावर टाकणे.

दुसरा आक्षेप खोट्या प्रमाणपत्रांचा. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचे प्रकरण देशभर गाजले आणि त्यानंतर सरसकट पडताळणीची मागणी वाढली. खोटे प्रमाणपत्र ही खऱ्या दिव्यांगाचीच फसवणूक आहे, यात वाद नाही. पण ते प्रकरण सनदी नोकरीचे होते. महिना अडीच हजारांसाठी पैसे देऊन प्रमाणपत्र मिळवणारा आणि आरक्षित पदासाठी मिळवणारा, या दोघांना सारखाच चाप लावला की पहिल्या रांगेतले खरे दिव्यांग गळतात आणि दुसऱ्या रांगेतला सराईत पळवाट काढतोच. किती अर्ज नाकारले, कोणत्या कारणाने, किती जणांचे पैसे हयातीच्या दाखल्याअभावी थांबले आणि त्यांतले किती हयात निघाले, हे आकडे दरवर्षी सभागृहापुढे आले तर गैरव्यवहार आणि छळ दोन्ही दिसतील. आज यांतले एकच मोजायची हौस आहे.

तिसरा, पैसे नाहीत. कलम २४ स्वतःच म्हणते की सरकारने आपल्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ योजना आखाव्यात, आणि सरकारी वकील हा शब्दप्रयोग ढालीसारखा वापरू शकतो. पण क्षमता ही जाहीर करायची गोष्ट नाही, दाखवायची आहे. लाडकी बहीण योजनेचा वार्षिक खर्च सुरुवातीला ४६ हजार कोटी सांगितला गेला. दिव्यांगांची वाढ ५७० कोटींची, म्हणजे त्याच्या सव्वा टक्का. बहिणींना देऊ नका असे मी म्हणत नाही. प्राधान्यक्रम लावला गेला, तो कोणी, कोणत्या हिशेबाने लावला, हे विचारायची जागा सभागृह ही आहे.

चौथा आक्षेप मला खरोखर अडचणीत टाकतो, म्हणून त्याच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. आमदार-खासदारांना यात आणले की राजकारण येणार, असे म्हणतात. त्यांना आपण आणलेलेच आहे, फक्त चुकीच्या टोकाला. संजय गांधी योजनेच्या तालुका समितीवर पालकमंत्र्यांच्या पसंतीचा अशासकीय अध्यक्ष बसतो. कोणाचा अर्ज मंजूर यात राजकीय माणसाचा हात असतो आणि दर किती हवा यात सभागृहाचा आवाज नसतो. हे नेमके उलटे हवे. दुसरीकडे मुंबई महापालिकेचे उदाहरण माझ्या विरोधात जाते. धर्मवीर आनंद दिघे यांच्या नावाने २०२४ मध्ये पालिकेने योजना आणली: ४० ते ८० टक्के दिव्यांगत्वाला महिना १,०००, त्यावर ३,००० रुपये, सहामाही हप्त्यांनी, पाच वर्षांसाठी. केंद्राच्या दहापट. आणि तेव्हा पालिकेत ना नगरसेवक होते ना स्थायी समिती. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकच कारभार पाहत होता. म्हणजे तपासणी शून्य आणि योजना उत्तम! मी हे खोडून काढणार नाही. एवढेच म्हणेन की पाच वर्षांनी ही योजना चालू ठेवायची की नाही, हे ठरताना तिचा आधार काय असेल? ठराव करताना झालेली चर्चा नाही, मांडलेली कारणे नाहीत, कोणाचा शब्द गुंतलेला नाही. न विचारता दिलेले न विचारता बंद करता येते.

ब्रिटनचा दाखला याच संदर्भात अधिक तपशिलाने द्यायला हवा, कारण तपासणी पुरेशी ठरते असा भाबडा समज मला पसरवायचा नाही. तिथे आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्याला भत्ता मिळतो, पण स्वतःची कमाई मर्यादेपेक्षा एका पौंडाने जास्त झाली की त्या आठवड्याचा संपूर्ण भत्ता जातो. कमाईची माहिती करखात्याकडून विभागाला मिळत होती. ती वेळेवर तपासली गेली नाही. वर्षानुवर्षे जादा रक्कम जाऊ दिली आणि मग काळजीवाहकांकडून हजारो पौंडांची वसुली काढली. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाने आणि संसदेच्या काम व निवृत्तिवेतन समितीने हे २०१९ मध्येच दाखवून दिले होते. सरकारने मनावर घेतले नाही. २०२४ मध्ये वृत्तपत्रांनी विषय लावून धरला, तेव्हा समितीचा अहवाल पुरावा म्हणून तयार होता. ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणण्याची सोय उरली नव्हती. स्वतंत्र चौकशी नेमली गेली, एप्रिल २०२५ पासून कमाईची मर्यादा आठवड्याला १५१ पौंडांवरून १९६ वर गेली. त्याच वर्षी १ जुलैला दिव्यांग भत्त्याचे निकष कडक करणारे कलम सत्ताधारी खासदारांच्याच बंडामुळे, चर्चा चालू असताना, सरकारला मागे घ्यावे लागले. हे घडू शकले कारण तिथे निकष बदलायला विधेयक आणावे लागले. आपल्याकडे शासन निर्णय पुरतो, आणि शासन निर्णयाविरुद्ध बंड करायला सत्ताधारी आमदाराला संधीच मिळत नाही.

महाराष्ट्राला यासाठी परदेशी पाहायची गरजही नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना आधी सरकारी आदेशांवरच चालत होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. व्यवसाय कराचा पैसा तिच्याशी बांधला गेला, आणि विधिमंडळाची रोजगार हमी समिती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन कामे पाहू लागली, अधिकाऱ्यांची साक्ष घेऊ लागली. योजनेत गैरप्रकार झाले नाहीत असे नव्हे. पण ते झाले तेव्हा विचारणारे कोणी होते, आणि मजुराला मिळणारे काम ही मंत्र्याची मेहेरबानी राहिली नाही. कायदा, बांधलेला निधी आणि समिती या तीन गोष्टी एकत्र आल्याने ते झाले. दिव्यांग आणि काळजीवाहक साहाय्यासाठी हीच तीन अंगे हवीत. दर कायद्याच्या अनुसूचीत, महागाई निर्देशांकाशी जोडलेला, म्हणजे तो गोठवायचा असेल तर सरकारला सभागृहात येऊन कारण सांगावे लागेल. उत्पन्नाची मर्यादा एक रेषा नसून उतरंड, म्हणजे घरात कोणी कमवू लागले की सारे एकदम जाणार नाही. आणि सामाजिक न्याय, महसूल, आरोग्य व दिव्यांग कल्याण या चारही विभागांच्या सचिवांना एकाच टेबलाशी बसवणारी समिती.

नव्या कायद्याची वाट न पाहता एक गोष्ट आजच होण्यासारखी आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम ८३ सांगते की राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवला पाहिजे, सोबत त्यातल्या शिफारशींवर केलेल्या कार्यवाहीचे आणि न स्वीकारलेल्या शिफारशींच्या कारणांचे ज्ञापन. कारणे देण्याचे हे बंधन फार मोलाचे आहे. अहवाल आला का, ज्ञापन सोबत होते का, कारणे कोणती दिली, एवढे तीन प्रश्न दर अर्थसंकल्पी अधिवेशनात एका जरी आमदाराने विचारले, तर त्यांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर देता येणार नाही.

केंद्रात मुहूर्त आणखी जवळचा आहे. ३०० रुपयांचा दर ज्या मंजुरीच्या आडोशाला बसला, ती २०२१ ते २०२६ साठी होती. नव्या वित्त आयोगाच्या काळासाठी योजना पुढे न्यायची तर ती पुन्हा मांडावी लागते, आणि दर, ८० टक्क्यांची अट, काळजीवाहक भत्ता हे तिन्ही मुद्दे तेव्हाच उघडे पडतात. उत्तर मुंबईचे विद्यमान खासदार केंद्रात मंत्री आहेत, आणि मंत्र्याला स्थायी समितीवर बसता येत नाही. म्हणून येथल्या मतदाराचा प्रश्न समितीत त्याच्या खासदाराच्या तोंडून जाणार नाही. पण या समित्या एखादा विषय तपासायला घेताना नागरिकांकडून लेखी निवेदने मागवतात. ती इंग्रजीत किंवा हिंदीत मागवली जातात, मराठीत नाही, याची नोंद घेऊन भाषांतराची तजवीज आधीच करावी लागेल. निवेदनात ५० हजारांच्या अटीचा मुंबईतला हिशेब असावा, ३,२५० आणि ३०० हे आकडे एका ओळीत असावेत, आणि गोराई धक्क्यावरून बोरिवली तहसीलपर्यंत एका अर्जासाठी किती फेऱ्या होतात, त्यात किती रोज बुडतात, याची घरोघरची मोजणी त्याला जोडलेली असावी. ही मोजणी कोणत्याही मंत्रालयाकडे नाही. ती खाडीच्या दोन्ही काठांवरच्या माणसांनाच करावी लागेल.